कुत्र्याला बोर्डवर न्यायचंय? आधी त्याला पाण्यातून वर घ्यायला शिका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन वर्षांचा कारवानी जातीचा कुत्रा आहे, वजन २६ किलोच्या आसपास. तुम्ही ७५ किलो. हवा भरायचा पॅडलबोर्ड नुकताच घेतलाय, साडेदहा फूट लांब आणि ३२ इंच रुंद. एकट्यानं त्यावर उभं राहून बऱ्यापैकी वल्हवता येतं. आता कुत्र्याला सोबत न्यायचंय. कोल्हापुरात रंकाळ्यावर जाऊ की पंचगंगेवर? कुत्र्याला पोहता येतं, तरी जॅकेट लागतंच का? त्यानं मध्येच उडी मारू नये म्हणून पट्टा बोर्डच्या कडीला अडकवला तर चालेल का? आणि मे महिन्याच्या सुट्टीत सुरुवात करू का?

पट्ट्याचं आधी सांगतो, कारण तिथं जीव जाऊ शकतो. कुत्रा बोर्डला बांधायचा नाही. तुमच्या कमरेला नाही, पायाला नाही, 'फक्त सुरुवातीला पाच मिनिटं' सुद्धा नाही. बोर्ड उलटला की पट्टा खालून आडवा येतो. कडी एका अंगाला, कुत्रा दुसऱ्या अंगाला, आणि तो वर यायला जेवढी धडपड करील तेवढा पट्टा ताणला जातो. पाण्यात बुडालेल्या झाडाच्या फांदीत किंवा मच्छीमारांच्या जाळ्यात तो अडकला तर मग बोलायलाच नको. चोक चेन, काट्यांचा पट्टा हे सगळं काठावर काढून गाडीत ठेवा. लीश असते ती तुमची, बोर्ड तुमच्यापासून लांब जाऊ नये म्हणून. साचलेल्या पाण्यात ती पोटरीला चालते, गुंडाळीची असली तर उत्तम, कुत्र्याच्या पायात येत नाही. पाण्याला ओढ असेल तिथं पायाला लीश बांधू नका. एका हिसक्यात सुटणारा कमरेचा पट्टा मिळतो, तो वापरा. आणि खरं सांगायचं तर ओढ असलेल्या पाण्यात कुत्रा नेऊच नका.

मी बोर्डवर उभं राहायला शिकवतो. कुत्रा घेऊन येणारे बहुतेक जण एकच विचारतात, 'तो वर उभा राहील का?' राहतो हो. चार पाय आहेत, पोट जमिनीजवळ आहे, तोल सावरायला तो तुमच्यापेक्षा लवकर शिकतो. अडतं ते पुढं. तो पाण्यात पडणार, आज नाही तर उद्या पडणार. तेव्हा ओला, घाबरलेला, नखं मारणारा २६ किलोचा जीव डुलणाऱ्या बोर्डवर परत कसा घ्यायचा, हे कुणी ठरवलेलं नसतं. माझ्या लेखी सगळी तयारी इथून उलटी सुरू होते. जॅकेट कोणतं, बोर्डात हवा किती, सराव कुठं, पाणी कुठलं, सगळं या एका प्रश्नावर ठरतं. ज्या पाण्यातून कुत्र्याला वर घेता येणार नाही, त्या पाण्यात तो न्यायचा नाही.

आता कारवानी. आपल्या पट्ट्यात, सांगली-मिरजेपासून खाली मुधोळपर्यंत, हा कुत्रा घरोघरी ओळखीचा. धावायला वाऱ्यासारखा, पण पाण्यासाठी घडलेला नाही. अंगावर चरबी नाही, छाती खोल, कंबर एवढीशी, पाय लांब. लॅब्राडोर पाण्यात आडवा तरंगतो. कारवानीचा मागचा भाग खाली जातो आणि तो पुढच्या पायांनी पाणी बडवत राहतो. बघणाऱ्याला वाटतं, काय जोरात पोहतोय! तो पोहत नसतो, उभ्यानं झगडत असतो आणि काही मिनिटांत दमतो. शिवाय त्याला थंडी लवकर भरते. तिसरी गोष्ट, हा नजरेनं शिकार करणारा कुत्रा. वाससुद्धा लागायच्या आधी त्याला हललेलं दिसतं. काठावरून बगळा उडाला, टिटवी ओरडत गेली, की तो बोर्डवर आहे हे विसरतो. तेव्हा 'पोहता येतं, मग जॅकेट कशाला' या प्रश्नाचं उत्तर तुमच्या कुत्र्याच्या बाबतीत तरी सरळ आहे: जॅकेट लागतंच. लॅबलाही लागतं, पण वेगळ्या कारणासाठी. तो बुडायचा नाही, पण जॅकेटच्या पाठीवर मूठ असते आणि वर घेताना हातात धरायला दुसरं काही नसतं.

ती मूठ हाच जॅकेटचा मुख्य भाग. घेताना रंग-फिंग नंतर बघा, आधी मूठ बघा. ती दोन ठिकाणी नुसती शिवलेली नसावी, पोटाखालून जाणाऱ्या पट्ट्यांशी सलग असावी. जॅकेट घालून, घरात, सतरंजीवर, कुत्र्याला मुठीनं दोन बोटं वर उचला. पोट आडवं राहिलं पाहिजे. मान मागं गेली, पुढचे पाय जॅकेटमधून निसटायला लागले, किंवा पट्टा कमरेकडं सरकला, तर ते जॅकेट नको. कारवानीच्या बाबतीत हे हमखास होतं, कारण दुकानातली मापं वजनावर असतात आणि त्या वजनाचा लॅब पिंपासारखा असतो. पुढच्या पायांच्या मागं छातीचा घेर टेपनं मोजा आणि त्या मापानं घ्या. पोटाकडचा पट्टा बारीक कंबरेला आवळता आला पाहिजे. पट्ट्याखाली दोन बोटं शिरली की पुरे. हनुवटीखाली फोमचा तुकडा असलेलं मिळालं तर कारवानीला जरूर घ्या, तोंड वर राहतं. रंग नारिंगी किंवा पिवळा. आपल्याकडं पोरं पाठीला पत्र्याचा डबा नाहीतर भोपळा बांधून पोहायला शिकतात आणि अंगात आलं की डबा सुटतो. कुत्र्याचं जॅकेट तसं सुटत नसतं. आणि जॅकेट तुम्हालाही हवं. दोघं पाण्यात असताना तो तुमच्या डोक्यावर चढायला बघतो, तेव्हा तुम्हाला पोहता येतं याचा फार उपयोग होत नाही.

बोर्ड तुमचा पुरेसा आहे. ३२ इंच ही कुत्र्यासोबत मी धरतो ती खालची मर्यादा, ३४ असता तर जास्त निवांत. पण हवा पूर्ण भरा. बोर्डवर छापलेला आकडा असतो, बहुतेक बोर्डांवर १५ पीएसआयच्या आसपास. हातपंपाचा काटा बराच वेळ हलतच नाही, आणि हलायला लागतो तेव्हा माणूस दमलेला असतो. मग दहावर 'झालं की' म्हणून सोडून देतात. एकट्या माणसाला ते खपतं. दोघांच्या शंभर किलोखाली मऊ बोर्ड मध्यावर खचतो, पाणी पृष्ठावर येतं, आणि ओल्या उतारावर कुत्र्याचे पाय घसरतात. एकदा घसरलेला कुत्रा दुसऱ्यांदा बोर्डवर पाय ठेवायला कुरकुर करतो. उलट, फुगवलेला बोर्ड उन्हात टाकून चहाला जाऊ नका, आतली हवा तापून शिवणीवर ताण येतो. नखांनी बोर्ड फुटेल का, असं सगळे विचारतात. सहसा नाही. वरचा फोम मात्र ओरबाडला जातो आणि तुमच्या मांड्याही, म्हणून नखं कापून आणा.

जमिनीवरचा सराव कंटाळवाणा वाटतो, पण तोच खरा. बोर्डचा फिन, म्हणजे खालचं पातं, काढा, अंगणात किंवा गच्चीवर जुन्या गादीवर बोर्ड ठेवा. कुत्र्याला ओढू नका, उचलून ठेवू नका. त्याचा तो चढला की बक्षीस. उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे, मीठ-मसाला काही न लावता. तांबडा-पांढरा तुमच्यासाठी ठेवा, कांदा-लसूण कुत्र्याला बाधतो. मग 'सिट', 'डाऊन', 'स्टे', जे शब्द घरात वापरता तेच. नवा शब्द एकच शिकवायचा, उतरायचा. मी 'चल' वापरतो. 'चल' म्हटल्याशिवाय बोर्डवरून उतरायचं नाही, आणि 'चल' म्हटलं की उतरायचंच. हा शब्द पक्का झाला की पाण्यातल्या निम्म्या उड्या बंद होतात. कारण कुत्रा बहुतेक वेळा बगळ्यासाठी नाही, काठ जवळ आला म्हणून उडी मारतो. बोर्ड काठापासून चार-पाच फुटांवर असताना तो झेपावतो, बोर्ड मागं सटकतो, आणि तुम्ही पाठीवर पडता.

जागा ठरवून द्या. बोर्डच्या मध्यावर उचलायची मूठ असते, तुमचे पाय तिच्या दोन बाजूंना, कुत्रा तुमच्या पायांच्या लगेच पुढं. तो बोर्डच्या नाकाकडं, म्हणजे पुढच्या टोकाकडं, सरकला की ते टोक पाणी नांगरायला लागतं. लहान कुत्रा पायांच्या मध्ये बसू शकतो, कारवानी मावत नाही. बसलेल्यापेक्षा लेटलेला बरा. ही जागा पटावी म्हणून तिथं त्याच्या अंथरुणाचा तुकडा ठेवणारे लोक आहेत. मला ते आवडत नाही, ओला कपडा बोर्डवर घसरतो. मग तुम्ही त्याच्यामागं उभं राहून पॅडल हलवा. डावीकडून उजवीकडं बाजू बदलताना पॅडल त्याच्या डोक्यावरून जातं, आणि ज्याला कधी काठी बसलीय असा कुत्रा तिथं दचकतो. दत्तक घेतलेल्या देशी कुत्र्यांत हे हटकून दिसतं. आठवडाभर नुसतं पॅडल फिरवा, तुकडे द्या. ते जमलं की गादीवरचा बोर्ड पायानं हलकासा डुलवा.

जांभया, ओठ चाटणं, कान मागं, शेपटी पायात, ऊन नसताना धापा ही सगळी 'नको' म्हणायची त्याची भाषा. सगळ्यात सोपी खूण म्हणजे खाणं. घरी हातातून हिसकावून घेणारा कुत्रा बोर्डवर चिकन नाकारत असेल, तर त्या दिवसाचं काम संपलं. काही कुत्र्यांना हे कधीच आवडत नाही. अशांना घरी झोपू द्यावं. फोटोसाठी थरथरणाऱ्या पगला बोर्डवर उभं करणारे लोक बघितले की माझं डोकं फिरतं. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना मी बोर्डवर घेतच नाही. त्यांना उन्हात श्वास पुरत नाही आणि पाण्यात तोंड वर राहत नाही.

पाण्यात पहिला दिवस गुडघाभर पाण्यातच. बोर्ड तुमच्या हातात, तुम्ही पाण्यात उभे, कुत्रा वर. पुढं-मागं ढकला. मग तुम्ही गुडघ्यांवर बसा. उभं राहणं सगळ्यात शेवटी, आणि कुत्र्यासोबत बराच काळ गुडघ्यांवरच वल्हवलं तरी काही बिघडत नाही. आणि इथंच, उथळ पाण्यात, काठाजवळ, मुद्दाम पडायचं आणि वर घ्यायचं.

ते कसं, हे नीट सांगतो. दोघंही पाण्यात पडलात की आधी बोर्डला हात लावा आणि बोर्ड तुमच्या व कुत्र्याच्या मध्ये आणा. हे महत्त्वाचं. मध्ये बोर्ड नसला तर तो तुमच्याकडं येतो आणि खांद्यावर चढतो. पॅडल बोर्डवर आडवं टाका, कुत्र्याच्या अंगावर फेकलं जाणार नाही असं. मग तुम्ही आधी वर चढा. मध्यावरची मूठ धरून, पाय मागं पाण्यावर मारत, पोटावर सरकत. बरेच जण आधी कुत्र्याला वर ढकलायला बघतात. पायाखाली जमीन नसताना २६ किलो वर ढकलता येत नाहीत, तुम्हीच खाली जाता. जॅकेट आहे, तो अर्धा मिनिट तरंगतो. म्हणून तर घातलंय.

वर आलात की उभं राहू नका. गुडघे फाकवून मध्यावर बसा आणि कुत्र्याला नावानं बाजूला बोलवा. बोर्डच्या नाकाकडून नाही, शेपटाकडून नाही, तुमच्या गुडघ्याच्या समोर. आता नवखा माणूस काय करतो, तर त्याच्याकडं वाकून दोन्ही हातांनी उचलायला जातो. सगळं वजन एका कडेला येतं आणि बोर्ड पुन्हा उलटतो. तुमचं बूड पलीकडच्या टाचेवर ठेवा. एका हातानं जॅकेटची मूठ धरा, आणि त्याचे पुढचे पंजे बोर्डच्या कडेवर येईपर्यंत थांबा. पंजे आले की त्याला सरळ वर न उचलता तिरकं, तुमच्या पोटाकडं ओढा, सरकवत. छाती वर आली की दुसरा हात मागच्या मांडीखाली. कारवानीचे मागचे पाय लांब, ते कडेवर आपसूक सापडतात आणि शेवटचा जोर तोच लावतो. आणि मग, सगळं झालं असं वाटून तुम्ही पॅडल घ्यायला वळता, तेवढ्यात तो नाकापासून शेपटीपर्यंत अंग झाडतो. बोर्ड असा हलतो की बसलेला माणूसही जाईल. म्हणून वर आला की मूठ सोडायची नाही. झाडू द्या, मग 'डाऊन', मग तुकडा, मग पॅडल.

हे गुडघाभर पाण्यात सहज जमायला लागलं, की छातीभर पाण्यात. ते जमलं की मगच काठ सोडा. तेव्हाही काठावर पोहता येणारा एक माणूस असावा आणि त्याच्याकडं फेकायचा दोर असावा.

आता पाणी. कोल्हापूरला पाण्याची कमी नाही, पण कुत्र्यासोबत उतरावं असं पाणी शोधावं लागतं.

रंकाळा मी सुचवणार नाही. तो आपला जीव की प्राण आहे ते खरं, पण सांडपाणी आणि केंदाळाचा (जलपर्णीचा) त्याचा त्रास जुना आहे आणि पाण्यावर हिरवा थर धरलेला आपण सगळ्यांनी बघितलाय. निळं-हिरवं शेवाळ कुठल्याही साचलेल्या पाण्यात उन्हाळ्यात वाढू शकतं. हिरव्या रंगाचा डबा उपडा केल्यासारखा तवंग दिसतो, वाऱ्यानं तो एका काठाला गोळा होतो, नेमका कुत्रा उतरतो त्या काठाला. त्यातल्या काही जातींचं विष यकृतावर किंवा मज्जातंतूंवर जातं, आणि कुत्रा पाणी पितोच, वर केस चाटून पुन्हा पोटात घेतो. तवंग दिसला की उतरायचं नाही. माणसाला नुसती खाज सुटली तरी कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं. कळंब्याचं पाणी प्यायला जातं, तिथं कुत्रा उतरवणं योग्य नाही. कुठल्याही तलावावर किंवा धरणावर बोर्ड टाकायच्या आधी ज्यांच्या ताब्यात ते पाणी आहे त्यांना, म्हणजे महापालिका, ग्रामपंचायत किंवा पाटबंधारे खात्याला, विचारून घ्या.

खणी नकोत. इराणी खणीत गणपती विसर्जन होतं, आणि विसर्जनाच्या पाण्यात मूर्तींच्या सांगाड्याच्या सळ्या-काठ्या राहू शकतात. बाकीच्या खणींच्या भिंती सरळ उभ्या, कुत्र्याला बाहेर पडायला उतार नाही. आणि शेततळं तर अजिबात नको. पाणी स्वच्छ असतं, मालक मित्र असतो, वारा नसतो, म्हणून सगळ्यांना तिथं सराव करावासा वाटतो. पण त्या काळ्या प्लास्टिकच्या उतारावर ओला पाय ठरत नाही. कुत्रा काठाला येतो, पंजे मारतो, घसरून पुन्हा मध्यात जातो. माणसांचंही तेच होतं, पट्टीचे पोहणारे शेततळ्यात गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. वर येता येणार नाही अशा पाण्याचं याहून स्पष्ट उदाहरण नाही.

नदीचं गणित बंधाऱ्यावर चालतं. आपल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात पावसाळा संपला की बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात, पावसाळ्याआधी काढतात. बरगे असताना वरच्या अंगाला नदीचं तळं होतं. संथ, रुंद, बोर्डला झकास. पण बंधाऱ्याजवळ जायचं नाही, वरूनही नाही आणि खालूनही नाही. एखादा बरगा फुटका किंवा निघालेला असला तर त्या फटीतून पाणी जोरात ओढलं जातं. वरून बघताना पृष्ठभाग शांतच दिसतो. पोहणारा कुत्रा त्या फटीला चिकटला तर दोन माणसांनाही तो सुटत नाही. खालच्या अंगाला पडणारं पाणी उलटं फिरतं आणि तरंगणारी वस्तू परत परत भिंतीकडं आणतं. मी बंधारा दिसायला लागला की वळतो. दुसरं म्हणजे काठावरच्या पाणी उपसायच्या मोटारी. उपसा योजनांच्या जॅकवेल (पाणी खेचायच्या विहिरी), फुटव्हॉल्व्ह (पाइपच्या तोंडाची झडप), पाण्यात सोडलेल्या केबली. जिथं मोटार चालू असेल त्या काठाला उतरायचं नाही, केबल सोललेली असली तर पाण्यात करंट उतरतो. तिसरं, जाळी. पहाटे मच्छीमारांना विचारा कुठं लावलीत, ते आपणहून सांगतात.

पंचगंगा शहराच्या वरच्या अंगाला, प्रयाग चिखलीच्या संगमाच्याही वर, भोगावती-कासारीच्या बाजूला बघा. शहराखालचं पाणी नको, मासे मरून तरंगतात तिथं कुत्रा काय पोहणार. घाटावर पहाटे म्हशी असतात, आंघोळीचे लोक असतात, आणि भटक्या कुत्र्यांची टोळीही असते. तुमचा कारवानी गाडीतून उतरला की पहिला राडा तिथंच. म्हणून गावाबाहेरचा उतार निवडा आणि आधी एकटे जाऊन बघा. शिरोळ, नृसिंहवाडी, पुढं कृष्णा आणि वारणा, या बाजूला मात्र कुत्रा बोर्डवर नेऊ नका. तिकडं मगरी आहेत. गंमत अशी की आपला बोर्डचा हंगाम, म्हणजे थंडीतली कोवळी उन्हं, हाच मगरी काठावर येऊन शेकायचा काळ. मगरीला कुत्रा म्हणजे नेहमीचं भक्ष्य. बाकी नदीतही स्थानिकांनी 'परवा दिसली' म्हटलं तर वाद न घालता बोर्ड गुंडाळा.

धरणांचं बॅकवॉटर सगळ्यात देखणं. पण राधानगरी आणि काळम्मावाडीच्या पाण्याला अभयारण्य लागून आहे, तिथं पाळीव कुत्रा नेण्याचा विषयच काढू नका, गव्याच्या वाटेवर तर नाहीच. इतर धरणांवर परवानगी मिळाली तरी सकाळीच. दुपारनंतर घाटाकडून वारा सुटला की रुंद पाण्यावर लाटा उठतात आणि कुत्रा बसलेला बोर्ड वाऱ्याला शिडासारखा धरतो. जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा, म्हणजे दमल्यावर वारा तुम्हाला परत आणतो. काठ सोडून ३०-४० मीटरपेक्षा आत जायची गरज नसते. पाण्याच्या पातळीसोबत खाली जाणारा गाळ तपासा, काठाला चिखलात कुत्र्याचे पाय रुततात.

तारकर्लीला खाडीत काही जण नेतात. भरती-ओहोटीची वेळ बघून, प्यायचं गोडं पाणी सोबत घेऊन. खारं पाणी प्यायला तर जुलाब ठरलेले.

आरोग्याचं मोजकंच. लेप्टोस्पायरोसिस उंदीर-गुरांच्या मुतातून पाण्यात येतो आणि तो तुम्हालाही होतो. कुत्र्याच्या लसीत लेप्टो आहे का, हे कार्डावर बघा. पहिल्यांदा देताना दोन डोस लागतात, मधे दोन ते चार आठवडे, पुढं दरवर्षी. पायाला जखम असेल तर दोघांनीही उतरायचं नाही. बोर्डवर चेंडू-काठीचा खेळ नको. परत परत तोंड उघडून पोहताना कुत्रा एवढं पाणी गिळतो की रक्तातलं मीठ पातळ होतं. पोट फुगणं, ओकाऱ्या, झोकांड्या, डोळे तारवटणं ही त्याची लक्षणं, आणि तेव्हा घरगुती उपाय न करता थेट डॉक्टर. घरी आलात की गोड्या पाण्यानं धुवा, कान कोरडे करा. लॅबच्या कानात पाणी राहिलं की आठवडाभरात वास यायला लागतो. पोहून आल्यावर शेपटी लुळी पडली तर घाबरू नका, बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआप ठीक होते, पण दुखत असली तर दाखवा.

राहिला मे महिना. मे महिन्यात पाण्यावर नको. बोर्डचा गडद फोम उन्हात असा तापतो की त्यावर हाताचा पालथा पंजा पाच सेकंद टेकवत नाही. कुत्र्याचे तळवे तिथंच भाजतात. कुत्र्याचं शरीर एरवीच ३८ ते ३९ अंशांवर असतं आणि घाम जवळजवळ नाहीच, त्यात फोमचं जॅकेट. धापा थांबेनात, हिरड्या विटेसारख्या लाल झाल्या, लाळ चिकट झाली, चाल अडखळली, तर जॅकेट काढा, पोट-जांघांवर साधं गार पाणी ओता, आणि पाणी ओततच दवाखाना गाठा. शिवाय मेमध्ये पाणी कमी, शेवाळ जास्त, आणि वळीव कधी येईल याचा नेम नाही. पावसाळ्यात तर प्रश्नच नाही. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटांवर इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे आपल्याकडं पोरासोरांना पाठ असतं. पण त्याच्या खूप आधी, पाणी गढूळ होऊन ओंडके वाहायला लागले की नदी बोर्डची राहत नाही.

तेव्हा मे आणि पावसाळा जमिनीवरच्या सरावाला द्या. संध्याकाळी गच्चीवर, रोज दहा मिनिटं. जॅकेट आत्ताच मागवा. घालून फिरायची सवय लागायला वेळ लागतो आणि माप चुकलं तर बदलता येतं. लेप्टोचे डोस सप्टेंबरपर्यंत पुरे करा. दिवाळीनंतर बरगे पडले, पाणी निवळलं, की आठ वाजल्यानंतर, ऊन जरा वर आल्यावर सुरू करा. त्याआधी कारवानी कुडकुडतो. पहिल्या काही वेळा वीस मिनिटांपेक्षा जास्त नको, आणि टॉवेल दोन न्या, एक त्याच्यासाठी वेगळा.